वेव्ही केस खांद्याच्या वर कापावेत का?

निळी_छत्री

मंडळी, सल्ला हवाय. विषय किरकोळ आहे, पण बरेच दिवस डोक्यात (आणि डोक्यावर) तोच आहे.

माझे केस कमरेच्या जरा वर येतात. दाट आहेत. मुळाशी बऱ्यापैकी सरळ, कानाखाली आले की लाटा सुरू. कुरळे म्हणवत नाहीत आणि सरळ तर नाहीतच. लहानपणी आई तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घालायची, त्यामुळे दहावीपर्यंत मला माझे केस वेव्ही आहेत हे कळलंच नव्हतं. घरात त्यांना झिंज्या म्हणत.

राहते डोंबिवलीला, ऑफिस परळला. केस धुतले की वाळायला चार-पाच तास. तेवढा वेळ सकाळी कुणाकडे असतो? ओलेच गुंडाळून क्लचर लावते आणि लोकल गाठते. दुपारी एसीत सोडले तर आतून दमटच, वर कुबट वास. पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. शिवाय लेडीज डब्यात कुणाच्या तरी पर्सच्या चेनमध्ये अडकतात ते वेगळंच.

हनुवटी आणि खांदा यांच्या मधे कुठेतरी कापावेत असं मनात आहे. भीती अशी की कॉलेजात असताना एका पार्लरमध्ये असाच बॉब करून घेतला होता. ओला होता तोवर झकास. वाळल्यावर वरून चपटा आणि खाली दोन्ही बाजूंना फुगलेला, समोसाच. पुढचं वर्ष रबरबँडवर काढलं.

त्यात डिसेंबरात मावसभावाचं लग्न. आईचं म्हणणं, "लग्न पार पडू दे, मग काय ती टकली हो." नवऱ्याचं मत "तुला बरं वाटेल ते कर". म्हणजे मत नाहीच.

तर, वेव्ही केस आखूड केले की नेमकं काय होतं? समोसा टाळता येतो का? आणि कट कोणता सांगायचा? आमच्या इथल्या पार्लरवाल्या ताईंना यू कट, स्टेप कट आणि लेयर कट एवढे तीनच माहीत आहेत.

चहाटळ

काप गं. केसच आहेत, परत येतील.

सोनसळी

नको कापूस! इथे आम्ही कांद्याचा रस, माका, जास्वंद सगळं करून दमलो तरी शेपटी उंदराची. आणि तू कमरेपर्यंतचे कापायला निघालीस. देव देतो तेव्हा... पुढचं लिहीत नाही. दिवे घे (म्हणजे हलकेच घे).

गोदाकाठ

निछ, तुझ्या वर्णनावरून हे २बी वाटतायत. केसांचे १ ते ४ असे प्रकार पाडतात: १ सरळ, २ वेव्ही, ३ कुरळे, ४ अगदी घट्ट कुरळे. २ मध्ये परत ए, बी, सी. २ए म्हणजे जेमतेम लाट. २बी म्हणजे मुळाशी सपाट आणि मधूनच सुरू होणारी इंग्रजी एससारखी लाट. २सी म्हणजे मुळापासून लाट आणि भरपूर फ्रिझ, म्हणजे पिंजारलेपण. एकाच डोक्यावर दोन-तीन प्रकार नांदतात, त्यामुळे वर्गवारी फार मनावर घेऊ नकोस. मानेवरचे केस आणि कपाळाजवळचे केस नीट बघ, सारखे नसतील.

आता मुद्दा. लांब केसांत लाट स्वतःच्या वजनाने ताणली जाते. कापलेस की वजन जातं आणि ती वर उचलली जाते. म्हणजे ओले, सरळ ताणून खांद्यावर कापले तर वाळल्यावर ते खांद्यावर राहत नाहीत. इंच-दोन इंच वर जातात, आणि सगळीकडे सारखे जात नाहीत. तुझा कॉलेजातला बॉब ओला असताना छान होता तो यामुळेच.

दुसरी गोष्ट फार कुणी सांगत नाही. केस वाळल्यावर एक बट घे आणि लाटेचं एक पूर्ण वळण, जाऊन परत येणारं, किती लांब आहे ते पट्टीने मोज. समजा चार इंच आलं आणि तुझी लाट कानाखाली सुरू होते. हनुवटीपर्यंतच्या कटमध्ये कानाखाली उरणार दोन-तीन इंच. एक वळणसुद्धा पूर्ण होणार नाही. मग त्याला वेव्ही कोणी म्हणणार नाही, नुसती टोकं बाहेर नाहीतर आत वळलेली दिसतील, एक इकडे आणि एक तिकडे. वळण आखूड असेल, दोन-अडीच इंचांचं, तर हनुवटीचा बॉबसुद्धा सुंदर दिसतो. दोघींना एकच फोटो दाखवून एकच कट करून चालत नाही, ते ह्या कारणाने.

निळी_छत्री

गोदाकाठ, आत्ता पट्टी घेऊन मोजलं! वरच्या थरात साधारण साडेतीन इंच. मानेजवळ मात्र लाट जवळजवळ नाहीच. मग हनुवटी बाद?

गोदाकाठ

बाद नाही, पण पहिल्या फटक्यात नको. आणि खांद्यावर बरोब्बर टेकेल अशी लांबीही नको. खांद्यावर आपटून टोकं बाहेर वळतात आणि दिवसभर आपण ती आत दाबत बसतो. एकतर खांद्याच्या चांगलं दोन-तीन बोटं वर, नाहीतर गळ्याच्या हाडाखाली.

अर्धवट_पुणेकर

पुरुषाने इथे बोललं तर चालेल का? माझे वेव्ही आहेत आणि लॉकडाऊनमध्ये खांद्यापर्यंत वाढले होते. लोकांनी "संगीत शिकता का" असं विचारलं. कापले तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की माझ्या दोन्ही भोवऱ्यांतले केस आखूड झाल्यावर उभे राहतात. लांब असताना वजनाने झोपून असायचे. निछ, डोक्यावर भोवरा कुठे आहे ते आधी बघा. मानेवर, केसांच्या कडेलाही असतो काहींना. तिथे आखूड कट केला तर ती बट रोज सकाळी सलाम ठोकते.

चहाटळ

@अर्धवट, मग संगीत शिकता का?

अर्धवट_पुणेकर

नाही हो. जीएसटी भरतो लोकांचा.

कात्री_कंगवा

ताई, आमचं कोल्हापुरात सलून आहे, वडिलांच्यापासून. मी पुढं पुण्यात शिकून आलो आणि आता लेडीज-जेंट्स दोन्ही करतो. गोदाकाठ यांनी बरोबर लिहिलंय, मी आमच्या बाजूनं सांगतो.

आपल्याकडं सवय अशी की गिऱ्हाईक बसलं की आधी पाणी मारायचं, कंगव्यानं सरळ ओढायचं आणि एका रेषेत कापायचं. सरळ केसाला हे चालतंय. वेव्ही केस असे एका रेषेत कापले की सगळा भार खाली एका जागी साठतो. तुम्ही समोसा म्हणताय तो तिथंच तयार होतो. त्यो घालवायचा तर आतून थर द्यावे लागतात. पण लांब थर. पार्लरमधला स्टेप कट म्हणजे वरच्या केसाला एकदम आखूड पायरी, ती वेव्ही केसात फुगते आणि खालचे केस शेपटीगत लोंबतात. तो सांगू नका.

दुसरं, केस दाट आहेत म्हटल्यावर कोणीतरी थिनिंगची कात्री बाहेर काढणारच. दातऱ्या असतात ती. वरच्या थरात ती लावू द्यायची नाही. आखूड तुटके केस मधेच उभे राहतात आणि वरच्या केसाला ढकलतात. महिन्या-दोन महिन्यांनी दुप्पट फुगलेलं दिसतं. वस्तऱ्यानं कापलेलं पण तसंच, टोकं फाटतात. साधी धारदार कात्री, बास.

येताना केस आदल्या दिवशी धुवून, तेल न लावता, न बांधता, आपोआप वाळलेले घेऊन या. कुणी कापायच्या आधी ड्रायर मारून सरळ करायला लागलं तर थांबवा. सरळ केल्यावर लाट कुठं उठती ते आम्हाला दिसणार कसं? कोरड्यावर कापायला सांगा. सगळ्यांना जमत नाही, वेळ लागतो, म्हणून काहीजण नाही म्हणतील. नाही म्हणाला तर उठून यायचं. भांडायचं काही कारण नाही.

आणि पाहिजे त्यापेक्षा दोन इंच लांब ठेवून कापायला लावा. पंधरा दिवस घरी धुवून-वाळवून बघा, मग परत येऊन कमी करा. चांगला कारागीर दुसऱ्या वेळचे जास्तीचे पैसे घेणार नाही, निदान आम्ही घेत नाही.

एक खर्चाचं पण ऐका. लोकांना वाटतं आखूड केस स्वस्त पडतात. शाम्पू कमी लागतो हे खरं. पण लांब केस वर्षातून दोनदा टोकं कापली तरी भागतंय, बॉबचा आकार सहा ते आठ आठवड्यांत जातो.

सोनसळी

@कात्री_कंगवा, तुमच्या सलूनचा पत्ता विपूत (निरोपात) द्या ना. माहेर इचलकरंजी आहे.

भुरभुर

मी थोडं उलट लिहिते. माझे वेव्ही, हनुवटीपर्यंत, तीन वर्षं झाली. आवडतात. पण "आखूड म्हणजे सोपे" हे डोक्यातून काढून टाका.

लांब केस रात्री सैल वेणी घालून झोपलं की सकाळी आयत्या लाटा मिळतात, विंचरलं नाही तरी कुणाला कळत नाही. आखूड केसांची वेणी येत नाही. ज्या कुशीवर झोपता ती बाजू चपटी, दुसरी बाजू फुललेली. रोज सकाळी ओला हात फिरवावा लागतोच. शिवाय मी स्कूटर चालवते. हेल्मेट काढल्यावर वर टोपीचा ठसा आणि खाली झालर. ऑफिसच्या बाथरूममध्ये पाण्याची छोटी स्प्रे बाटली ठेवली आहे. पाणी मारलं की केसातले बंध सुटतात आणि वाळताना परत लाट धरते, एवढंच शास्त्र आहे त्यात. ड्रायरने केलेला आकार पावसाळी हवेत टिकत नाही त्याचंही कारण तेच.

बांधता न येण्याचा काळ सगळ्यात वाईट. स्वयंपाक करताना, तोंड धुताना, जिममध्ये केस डोळ्यात. टिकटॉक पिना, छोटे क्लचर आणि एक हेअरबँड आधीच आणून ठेव.

फायदा? वीस मिनिटांत वाळतात. ह्या एका वाक्यासाठी वरचं सगळं माफ.

निळी_छत्री

वीस मिनिटं! मी आत्ताच रडते.

अजून एक राहिलंच लिहायचं. मैत्रीण म्हणतेय कापू नकोस, त्यापेक्षा स्मूदनिंग करून टाक. सरळ झाले की वाळायचे आणि गुंत्याचे प्रश्न संपतील.

आणि गेले काही महिने गळतातही जरा जास्त. आखूड केले तर गळती थांबेल असं ती म्हणते.

शंखपुष्पी

त्वचारोगाची डॉक्टर आहे म्हणून दोन्हीवर लिहिते.

कापल्याने गळती थांबत नाही आणि केस दाटही होत नाहीत. केस वाढतो तो त्वचेच्या आतल्या मुळात. बाहेर दिसते ती दांडी निर्जीव असते, तिला कात्री लावल्याचं मुळाला कळतही नाही. आखूड केस गळले की छोटे दिसतात, म्हणून कमी गळतात असं वाटतं. मोरीच्या जाळीवर गुंता कमी दिसतो, संख्या तीच. रोज ५० ते १०० केस जाणं नेहमीचंच आहे. आठवड्यातून दोनदाच धुणाऱ्यांना धुण्याच्या दिवशी एकदम जास्त दिसतात, त्याने घाबरू नये.

पण "गेले काही महिने जास्त" असेल तर त्याआधी दोन-तीन महिन्यांत काय झालं होतं ते आठवा. डेंग्यू, टायफॉइड, कुठलाही मोठा ताप, ऑपरेशन, भराभर वजन उतरवणं, बाळंतपण. शरीराला धक्का बसला की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. बाळंतपणानंतरची गळती बहुतेकींची वर्षभरात भरून येते. असं काहीच घडलं नसेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड बघून घ्या. आपल्याकडे पाळी जास्त जाणाऱ्या बायकांत लोह कमी असणं इतकं सर्रास आहे की मी आधी तेच तपासते.

ओले केस घट्ट बांधून तासन्‌तास ठेवणं चांगलं नाही. ओला केस ताणला जातो आणि तुटतो. टाळू दमट राहिली की कोंड्याला कारण असणाऱ्या बुरशीची चंगळ. कपाळाच्या कडेने केस विरळ होताना दिसत असतील तर ते रोजच्या ओढीने असू शकतं. क्लचर सैल लावा, जागा बदला.

स्मूदनिंगबद्दल: निर्णय तुमचा, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. एक, मुळाकडून येणारा नवा केस वेव्हीच येणार. महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढ धरा. सहा महिन्यांत वर लाट आणि खाली काड्या. दोन, काही प्रकारांत फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते. ते नको म्हणून ग्लायॉक्झिलिक आम्ल वापरलेली उत्पादनं आली, तर ती लावल्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय डोक्याला लावून घेऊ नका.

बोअरचं_पाणी

लातूरकडून सप्रेम. आमच्याकडे केस वेव्ही, सरळ, कुरळे सगळे एकाच प्रकारचे: राठ. बोअरच्या जड पाण्याने शाम्पूला फेस येत नाही आणि केसांवर क्षार बसतात. लांब केसांची टोकं जुनी असतात, वर्षानुवर्षं हेच पाणी पिऊन बसलेली, त्यामुळे कापल्यावर एकदम फरक पडतो. मी कापले आणि लोकांना वाटलं पार्लरमध्ये काहीतरी महागडं करून आले. शेवटचा एक तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घेते. एवढ्या लांबीला एक तांब्या पुरतो. कमरेपर्यंत असते तर घरच्यांनी मला फिल्टरला हात लावू दिला नसता.

माडाखालचा

हय कोकणात आमचो प्रॉब्लेम उलटो. पाणी मऊ, हवा ओली. बायलेचे केस जून ते सप्टेंबर वाळतच नाहीत. चुलीच्या उबेक बसान वाळवण्याचो काळ गेलो. तिनं गेल्या मिरगाच्या आधी मानेपर्यंत केले आणि आता म्हणता आधी का नाय केले. पण खोबरेल सोडूक नाय. न्हाण्याच्या आदल्या रात्री चमचाभर, तळहातावर चोळून नुसता टोकांक.

शंखपुष्पी

माडाखालच्यांच्या सौ. बरोबर करतायत. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, बाकीची बरीच तेलं वरवर राहतात. फक्त तेलाने केस "वाढतात" असं म्हणू नका, माझी विनंती.

मंदाकिनी_वाई

मुलींनो, मी शिक्षिका होते, आता निवृत्त. धागा वाचत होते, आईच्या वाक्यावर अडकले.

निळी छत्री, तुझी आई लग्नाचं निमित्त सांगते आहे, पण त्याच्या मागे बरंच काही असतं. आमच्या लहानपणी "केस कापले" हे शब्द घरात उच्चारायची पद्धत नव्हती. माझ्या आजीच्या चुलतीचं केशवपन झालं होतं. आजी तिच्याबद्दल सांगताना आवाज खाली घ्यायची. नवरा गेला की बाईचे केस न्हाव्याकडून काढायचे, वय तेरा असो की तीस. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळी जमली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. कात्री_कंगवा, तुमच्या पेशातल्या माणसांनी केलेलं हे काम आहे, शाळेत आम्ही ते फारसं शिकवलं नाही.

त्यामुळे माझ्या पिढीच्या आयांना मुलीचे केस लांब असणं म्हणजे ती सुखात असल्याची खूण वाटायची. मी नोकरीला लागल्यावर मानेपर्यंत कापले तर आई दोन दिवस जेवली नीट नाही. बोलली काही नाही. मग स्वतःच गजरा आणून म्हणाली, "आता हा कुठे माळायचा ते तूच सांग." मी कानामागे पिनेने अडकवला. तिने बघितलं आणि म्हणाली, "बरा दिसतोय." संपलं.

आईशी लांबीवरून वाद घालू नकोस. लग्नात काय करणार आहेस ते सांग, तिला तेवढंच हवं असेल.

निळी_छत्री

मंदाकिनी मावशी, हे वाचून आईला फोन केला. केशवपन वगैरे काही काढलं नाही, नुसतं विचारलं की लग्नात तुला नेमकं काय हवंय. उत्तर: "नऊवारीवर अंबाडा. फोटोत मागून बघितल्यावर मोकळं मोकळं नको दिसायला." एवढंच!

कैरी_पन्हं

मग गंगावन आण की! आमच्या घरातल्या सगळ्या आखूड केसवाल्यांचे अंबाडे गंगावनावर उभे आहेत. एक सल्ला: रंग बघायला दुकानात दिवसाच जा, ट्यूबलाइटमध्ये सगळे काळे सारखेच दिसतात आणि मग मांडवात उन्हात कळतं की आपले तपकिरी आणि गंगावन काळं कुळकुळीत. घालायला स्वतःच्या केसांची छोटीशी पोनी यायला हवी, निदान मुठीत धरता येईल एवढी. गळ्याच्या हाडापर्यंतच्या केसांत आरामात येते. हनुवटीपर्यंतच्या केसांत मागचे निसटतात, मग पिना आणि स्प्रेची फवारणी, आणि संध्याकाळी डोकं दुखतं. वर मोत्यांची जाळी किंवा अबोलीचा गजरा गोल फिरवला की खालचं सगळं झाकलं जातं. वेव्ही केसांत पिना घट्ट बसतात, सरळ केसवाल्यांच्या सटकतात. हा तुमचा फायदा.

उत्तरेकडचा_वारा

मिनेसोटाहून. इकडे हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी की माझ्या लाटा पडून जातात आणि लोकरी मफलर काढला की केस हवेत. मुंबईत असताना हेच केस फुगायचे म्हणून रडत होते. सांगायचं एवढंच की इंटरनेटवर बघितलेले वेव्ही बॉब कुठल्या हवेतले आहेत ते पाहा. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या उन्हात काढलेला फोटो जुलैत परळला लागू पडत नाही.

आणि निछ, एवढे लांब आहेत तर दान करायचा विचार केलास का? कर्करोगाच्या रुग्णांसाठी विग करणाऱ्या संस्था घेतात. बहुतेक ठिकाणी किमान १२ इंच मागतात, धुतलेले, पूर्ण कोरडे, वेणी घालून दोन्ही टोकांना रबर लावून कापलेले. वेव्ही केस ताणून मोजायचे असतात. रंगवलेले चालतील का हे मात्र ज्या संस्थेला देणार तिलाच आधी विचार.

सोनसळी

मला एक शंका. पहिल्या झटक्यात नाही आवडले तर? परत वाढायला किती वेळ?

गोदाकाठ

महिन्याला अर्धा इंच धर, म्हणजे वर्षाला सहा. हनुवटीपासून गळ्याच्या हाडापर्यंत वर्षाच्या आत येतात. हनुवटीपासून कमरेपर्यंत मात्र साडेतीन-चार वर्षं, तीही मधे टोकं न कापता. म्हणून म्हटलं, टप्प्याने उतर. गळ्याच्या हाडावरून चुकलं तर सहा महिन्यांचा प्रश्न आहे.

माझं मत विचारशील तर: तुझी तक्रार वाळण्याची, वजनाची आणि लोकलची आहे. ती गळ्याच्या हाडापर्यंत आणूनच बहुतेक सुटते. हनुवटीपर्यंत जाण्याने जे काही जास्तीचं मिळेल ते दिसण्याचं आहे, आणि ते तुझ्या साडेतीन इंचाच्या वळणावर जुगारच. आधी पहिलं कर.

चहाटळ

मी पहिल्याच प्रतिसादात हेच लिहिलं होतं. "काप गं."

निळी_छत्री

अपडेट. कापले!

आमच्या पार्लरवाल्या ताईंना कोरड्यावर कापायचं म्हटल्यावर त्या हसल्या आणि नाही म्हणाल्या. मग ठाण्यात एका ठिकाणी गेले, आधी फोन करून विचारलं. दान करायचे म्हणून आधी चार वेण्या घालून १३ इंच काढले (ताणून मोजले, उत्तरेकडचा_वारा यांचे आभार). मग मोकळ्या, कोरड्या केसांवर आकार दिला. थिनिंगची कात्री निघालीच! मी "वर नको" म्हटलं, तो म्हणाला "वर मी लावतही नाही". मानेजवळच्या सरळ केसांतलं वजन मात्र त्याने साध्या कात्रीने आतून कमी केलं.

लांबी गळ्याच्या हाडाच्या जरा खाली ठरवली होती. घरी धुतल्यावर बरोबर हाडावर आली. समोसा नाही. वर थोडे चपटे वाटतात, त्याचं काय करायचं ते बघते. पहिल्यांदाच मागच्या बाजूलाही लाटा दिसतायत, इतकी वर्षं त्या वजनाखाली होत्या बहुधा. वाळायला पाऊण तास लागला. भुरभुरची वीस मिनिटं नाहीत, पण घरातून निघेपर्यंत बऱ्यापैकी कोरडे.

न आवडलेलं: शाम्पू करताना हात सवयीने पाठीपर्यंत जातो आणि तिथे काही नसतं. पोनी अगदी बुटकी येते. ऑफिसात निम्म्या लोकांनी ओळखलं नाही आणि निम्म्यांनी "काय झालं गं?" असं काळजीने विचारलं. काय व्हायचंय?

आईने व्हिडिओ कॉलवर बघून आधी "वळ" म्हटलं, मग "अजून वळ", मग "गंगावन मी आणते, तुला रंग कळणार नाही".

हनुवटीचं पुढे बघू. रक्ततपासणी केली, लोह कमी आहे, गोळ्या सुरू. @शंखपुष्पी, धन्यवाद.

कात्री_कंगवा

ताई, झकास झालं. वर चपटं वाटतंय त्याला भांग बदला. रोजच्या बाजूनं केसाला पडायची सवय लागलेली असती. वाळताना भांग उलट्या बाजूला पाडा, वाळल्यावर परत जागेवर आणा. आणि कोरड्या केसात कंगवा घालू नका, लाट मोडती. धुताना कंडिशनर असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्यानं काय ते विंचरून घ्यायचं.

सोनसळी

निछ, जेल वगैरे काही लावतेस का? मला बाजारातलं नको, ते कडक होतं.

भुरभुर

जवसाचं घरी कर. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार धरायला लागली की लगेच गॅस बंद आणि गरम असतानाच मलमलच्या फडक्यातून गाळायचं. गार झालं तर ते फडक्यातून खाली उतरत नाही, मग जवस आणि तू, दोघीच. केस ओलेचिंब असताना लाव, टोकं मुठीत धरून वर दाब, जुन्या सुती टीशर्टने पाणी टिप आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नकोस. वाळल्यावर जरा कडक वाटले तर मुठीत चुरगाळ, मोकळे होतात.

फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. डब्यावर नाव लिही. आमच्या सासऱ्यांनी साखर घालून अर्धा डबा संपवला होता आणि वर म्हणाले, "खीर जरा पचपचीत झालीय."